खडूने लिहिलेला नंबर

रुवी, मस्कत
३ ऑक्टोबर २०२५

ती. शिरीषकाका यांस,
नूतनचा सा. न. वि. वि.

फोनवर मी एका वाक्यात चार गावं फिरते आणि तुमचं डोकं दुखतं, म्हणून हे पत्र. याचा फोटो प्रसाददादाला पाठवते, तो प्रिंट काढून देईल. अक्षराला काकूने हसायचं नाही. आयटीआय अर्धवट सोडल्यापासून पेन धरलंय कुणी.

तर मी इथे अडीच महिने टिकले आहे. गोव्यात दीड महिना, लडाखला तीन, त्यामुळे हे माझ्या मानाने संसार थाटल्यासारखंच झालं. सकाळी खोलीतून निघाले की खाली पैसे पाठवायच्या एक्स्चेंजसमोर शंभर माणसं उभी असतात, त्यातली निम्मी मलाच टॅक्सी हवी का विचारतात. परवा अल मवालेहच्या भाजीबाजारात चक्क अळूची पानं मिळाली, देठ काळे असलेली. भाजीवाला केरळचा, मी चिपळूणची, आणि अळू कुणाचं यावर आमची अर्धा तास जुंपली. पण ते जाऊ दे.

माझं काम ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. इथल्या लोकांच्या वडिलांनी सत्तरच्या सुमाराला जुन्या अमेरिकन गाड्या आणल्या होत्या. दोन दारं, लांबलचक बॉनेट, आणि आत आपल्या ओट्याएवढं इंजिन. मसल कार म्हणतात. आता मुलं त्या गाड्या गोदामातून बाहेर काढतायत, पण गाडीला मान केव्हा, तर कारखान्यातून निघताना जे इंजिन होतं तेच आत असेल तेव्हा. ते इंजिन हुडकायचं आणि ते तेच आहे हे ठरवायचं, हे आमच्या गॅरेजचं काम. मी भंगारवाड्यांत फिरते, ग्रीस खरवडते आणि नंबर वाचते. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी धडाच्या, पुढच्या कडेला एक सपाट पट्टी असते, तिच्यावर कारखान्याच्या मशीनच्या बारीक सरळ रेघा आणि त्या रेघांवर ठोकलेला नंबर. रेघा नसतील तर नंबर मागाहून कुणीतरी ठोकलाय असं समजायचं. तुम्ही इतकी वर्षं इथे वर्कशॉपला होतात, तुम्हाला हे मी काय सांगणार.

सध्या हमूद अर्बाबच्या शेव्हेलचं इंजिन शोधतोय, अर्बाब म्हणजे इथे शेठ. सत्तर सालची गाडी, त्याच्या वडिलांनी कुवेतहून रस्त्याने चालवत आणलेली. ते गेले मागच्या वर्षी. गाडी बौशरला त्यांच्या घरी आहे, पण आत परकं इंजिन. मूळचं म्हणे अठ्ठ्याण्णव साली वर्कशॉपमधल्या एका इंडियन मिस्त्रीने बदलून परस्पर विकलं. अशा एकेकामुळे आपल्या सगळ्यांचं नाव खराब होतं. खूण एकच आहे. हमूद लहान असताना निजव्याच्या वाटेवर गाडी तापून ब्लॉकला चीर गेली होती, तिथल्या वेल्डरने पितळ भरून ती बुजवली. उजेडाला बॅटरी धरून हमूद शेजारी उभा होता. तर डाव्या बाजूला पितळेचं ठिगळ असलेलं इंजिन, एवढ्यावर आम्ही सोहारपर्यंत जाऊन आलो.

गॅरेजचे मालक आपल्याकडचेच, दाभोळचे शरीफ परकार. मी चाचा म्हणते. व्हिसाही त्यांनीच काढला. गॅरेजमागेच त्यांचं घर, चाची तर मला घरच्यासारखं जेवायला घालते. तुमच्या ओळखीतलं जुनं कुणी इथे असेल तर कळवा, इंजिनाचा माग लागेल.

काकूला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्या, थोडा वाढला तर सांभाळून वापरीन.

तुमची,
नूतन


चिपळूण
६ ऑक्टोबर २०२५

चि. नूतन हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू गॅरेजमध्ये काम करतेस हे ठाऊक होतं. कुणाच्या, ते आज कळलं.

शरीफ परकारकडचं काम सोड. कारण विचारू नकोस. तुझा पासपोर्ट तुझ्याजवळ आहे ना ते बघ. माझं नाव त्याच्यापुढे काढू नकोस. साळवी चिपळुणात पुष्कळ आहेत, त्याला कळायचं नाही. परतीच्या तिकिटाचं प्रसाद बघेल.

शिरीषकाकाचा आशीर्वाद

ता. क. नूतन, मी काकू. काय लिहिलंस बाई तू? पत्र वाचून हे ताटावरून उठले ते परसात जाऊन बसलेत. सत्तावीस वर्षांत मस्कतचं नाव काढलं नाही यांनी आणि तू एकदम शरीफच घेऊन आलीस. नीट राहा. शुभदा.


रुवी
९ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही नाव काढू नकोस म्हणालात आणि मी त्याच दिवशी काढलं. तुम्ही मला ओळखता, मग असं लिहायचंच नाही. चहा पिताना विचारलं, चाचा, चिपळूणच्या शिरीष साळवींना तुम्ही कधी ओळखत होता का. चाचांनी कप खाली ठेवला आणि मला विचारलं, ते तुझे कोण. मी म्हटलं, सख्खे काका. चाची मला आत घेऊन गेली आणि कांदे चिरायला दिले. एवढे कांदे कशाला, हेही मी विचारलं नाही.

संध्याकाळी त्यांनी सांगितलं. काका, जो इंडियन मिस्त्री मी मागच्या पत्रात लिहिला तो तुम्ही होतात. मी स्वतःच्या हाताने ते वाक्य तुम्हाला लिहून पाठवलंय. तेव्हापासून मला धड सुचत नाही. घरात आम्हा मुलांना इतकंच सांगितलं होतं की काकांना मस्कतची हवा मानवली नाही. मी तीच हवा खायला आले, अजून सर्दीसुद्धा झाली नाही.

चाचांचं म्हणणं असं. वादी कबीरच्या वर्कशॉपला तुम्ही दोघं होतात, तुम्ही ब्लॉकच्या मशीनवर, ते फिटर. एका खोलीत नऊ वर्षं राहिलात. शेव्हेलचा ब्लॉक तुम्ही घासून सपाट केलात, त्यात जुना नंबर गेला. मग तुम्ही आजारी पडलात आणि नंबर पुन्हा ठोकायचं काम चाचांवर आलं. ब्लॉकवर खडूने जो नंबर लिहिला होता तो त्यांनी ठोकला. गाडी पासिंगला गेली तेव्हा नंबर कागदाशी जुळेना. चाचा म्हणतात, माझ्याकडे ब्लॉक आला तेव्हाच त्याच्यावर दुसरा नंबर होता, म्हणजे शिरीषने ब्लॉक आधीच बदलला होता. हे सांगताना त्यांना राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. ते म्हणाले, मला एकदा विचारून बघायचं होतं त्याला, की तुला कमी काय होतं.

काम सोडू नकोस, पोरीचा त्यात काय दोष, असंही म्हणाले. पण मला त्या घरात घास उतरत नाही. तुम्ही तसं केलं असेल तर मी इथून निघते, आणि केलं नसेल तरी निघते, कारण मग चाचा खोटं बोलतायत. फक्त कुणामुळे निघायचं तेवढं सांगा. तुम्ही इंजिन बदललंत का?

लोभ असावा असं लिहायचा आज धीर होत नाही, तरी लिहिते.

नूतन


चिपळूण
१३ ऑक्टोबर २०२५

चि. नूतन हीस आशीर्वाद.

नाही बदललं.

असं पत्र कधी कुणाला लिहीन असं वाटलं नव्हतं. शुभदेलाही पूर्ण माहीत नाही. तर नीट वाच, मध्येच भाजीबाजारात जाऊ नकोस.

एप्रिल महिना होता. तो ब्लॉक मी स्वतः मशीनवर चढवला. घासण्याआधी पट्टीवरचा नंबर पाहून बाजूला खडूने लिहून ठेवला, तशी माझी पद्धतच होती. अजून पाठ आहे, १३०२१३. इतक्या वर्षांत रिक्षाचा नंबर विसरलो, हा नाही. काम उरकलं आणि त्याच दुपारी मला ताप चढला. तीन दिवस रुवीच्या खोलीवर पडून होतो. शरीफच पेजेचा डबा आणून द्यायचा, कपाळावर हात ठेवून बघायचा. चौथ्या दिवशी गेलो तर इंजिन जोडून गाडी गेली होती.

महिन्याभराने मला ऑफिसात बोलावलं. मॅनेजर म्हणाला, इंजिन बदललंय. मी म्हटलं, मला दाखवा. कुणी दाखवलं नाही. त्या ब्लॉकवरून माझा हात फिरला होता, मी एका नजरेत सांगितलं असतं. शरीफला विचारलं तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला की ब्लॉक त्याच्याकडे आला तो शिरीषकडूनच आला. एवढंच बोलून खाली बघत राहिला. आठवड्यात माझा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर सोडायला कुणी आलं नाही.

आता तूच सांग. मी हात लावला तो ब्लॉक खरा होता. माझ्यानंतर तीन दिवस तो शरीफच्या हातात होता. मग बदलला कुणी? सत्तावीस वर्षं मी या एकाच गणिताला बसलो आहे आणि उत्तर तेच येतं. ज्याने मला पेज आणून दिली त्यानेच ते केलं. चोरीचा आळ मी विसरलो असतो. ती पेज विसरता येत नाही.

घरी आल्यावर चार महिने बाहेर पडलो नाही. कारखान्यात घेणार कोण, साहेब मस्कतला फोन करून विचारायचे. म्हणून रिक्षा. प्रसादला वाटतं मला रिक्षाची हौस होती. त्याला तसंच वाटू दे.

त्या घरून नीघ. तुझ्यावरचा लोभ कमी झालेला नाही, एवढं समजून अस.

शिरीषकाका


रुवी
१९ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाचा. काकूला शेजारी बसवा. मी क्रमाने लिहिणार आहे, कुठे भरकटले तर सोडून पुढे जा.

तुमचं पत्र वाचून मी ठरवलं की दोघांचंही ऐकायचं नाही, इंजिन बघायचं. तुमच्या वेळी जे खोटं ठरलं, ते इंजिन गेलं कुठे? चाचांना विचारलं. ते म्हणाले, मोठ्या अर्बाबने, म्हणजे हमूदच्या वडिलांनी, चिडून ते गाडीतून काढायला लावलं आणि बरक्याच्या खजुराच्या बागेत विहिरीवर पाणी खेचायला बसवलं. म्हणजे आम्ही सोहारपर्यंतचे भंगारवाडे पालथे घातले, आणि ते त्यांच्याच बागेत. पण त्यात कुणी कधी डोकावलं नाही, कारण ते खोटं आहे हे सगळ्यांना माहीतच होतं.

मंगळवारी मी आणि चाचा गेलो. वाटेत उंटांचा एक कळप रस्त्यातच, हॉर्नला दाद देईनात. असो. विहिरीवर पत्र्याची शेड, आत ते इंजिन, वर चिखल, तेल आणि चिमण्यांची विष्ठा. कधीचं बंद आहे. आधी पट्टी घासली. रेघा नाहीत, गुळगुळीत. नंबर हाताने ठोकलेला, नऊ तीन शून्य दोन नऊ तीन. चाचा म्हणाले, हाच तो, हाच मी ठोकला. पण तुमचा नंबर हा नव्हता. म्हणजे ब्लॉक दुसरा, आणि तुमच्या दोघांतला एक खोटारडा.

मग उगाच, हात चालू होता म्हणून, मी डावी बाजू घासली. काळं निघालं, मग गंज, मग पिवळं. मला वाटलं रंग आहे. चाचांनी फडक्याला रॉकेल लावून पुसलं. पितळ होतं. बोटभर लांब ठिगळ, वाकडंतिकडं, तेव्हा रंगाखाली असल्याने चाचांनाही न दिसलेलं.

चाचांनी हमूदला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. हमूद बौशरहून आला. पांढऱ्या पायघोळ डिशदाशासकट गुडघ्यावर बसला, ठिगळावर बोट फिरवलं आणि म्हणाला की हेच. त्याचे वडील ज्या इंजिनासाठी मरेपर्यंत हळहळले ते त्यांनीच विहिरीवर बसवलं होतं.

म्हणजे ब्लॉक तोच. कुणी काही बदललंच नव्हतं. मग नंबर वेगळा कसा? दोन दिवस मी खुळ्यासारखी फिरले. शुक्रवारी माझी रूममेट मेहविश, हैदराबादची, तिला मराठी येत नाही, तिने माझ्या पलंगावर तुमचं पत्र पाहिलं आणि सहज विचारलं की तुझ्या अंकलनी पण हा नऊ तीन शून्यवाला नंबर का लिहिलाय. मी तिला म्हटलं, कुठे. तिने बोट ठेवलं.

काका, तुम्ही नंबर मराठीत लिहिता.

मी तशीच गॅरेजला पळाले. फरशीवर खडूने तुमच्यासारखं लिहिलं, १३०२१३, आणि चाचांना वाचायला सांगितलं. ते वैतागले, म्हणाले, नऊ तीन शून्य दोन नऊ तीन, पाठ आहे मला, कशाला थट्टा करतेस. मी सांगितलं, हा नऊ नाही, मराठी एक आहे. त्यांना कळेना. शेजारी इंग्रजी एक काढला, इंग्रजी नऊ काढला. दोन, तीन, शून्य दोन्हीकडे सारखेच दिसतात. त्या नंबरात दुसरा एक जरी आकडा असता ना काका, चार, पाच, सहा, काहीही, तर त्यांना कळलं असतं की हे मराठी आहे. नेमका तोच नंबर यायचा होता.

दाभोळच्या उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेत ते. मी विचारलं, एसटीवर मराठी एक कधी पाहिला नाही? म्हणाले, एसटीवर पाहिला तर एकच वाटतो, पण वर्कशॉपमध्ये सगळं इंग्रजी, तिथे मराठी एक शोधायला कोण जातो. पासिंगला दोनच आकडे चुकलेत हे दिसलं होतं म्हणे, पण सगळे म्हणाले की चोराने मुद्दाम जवळचा नंबर निवडलाय. चाचांनीही तेच मानलं. हे बोलता बोलता ते उठले, नळावर हात धुतले, परत आले, पुन्हा जाऊन धुतले. मग चाचीला म्हणाले, माझ्या हाताने झालं. चाची त्यांच्यावरच ओरडली, की नऊ वर्षं एका खोलीत राहिलात, एक अक्षर त्याच्याकडून शिकला नाहीत.

काल ते बौशरला जाऊन हमूदच्या सगळ्या घरासमोर बोलले. शिरीष साळवीने काही केलं नाही, नंबर मी चुकीचा ठोकला. हमूद म्हणतो, तिकीट मी पाठवतो, इंजिन पुन्हा उघडायचं ते त्याच माणसाच्या हाताने. चुकलेला नंबर तो बदलणार नाही. म्हणाला, आता हीच त्याची खूण.

चाचीने खोली झाडून ठेवली आहे. चाचा कालपासून विचारतायत, तुझे काका येतील ना. विमानतळावर मीच येणार, आधी त्याला मिठी मारणार, मग माफी मागणार, असा त्यांचा क्रमही ठरलाय. तुम्ही या.

आज लोभ मागत नाही, थेट तुम्हालाच मागते.

नूतन


चिपळूण
२४ ऑक्टोबर २०२५

चि. नूतन हीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळून तीन दिवस झाले. रोज कागद घेऊन बसतो आणि उठतो.

आधी चूक कुणाची ते सांगतो. माझी. फोरमन मला दहादा बोलला होता की आकडे इंग्रजीत लिही. मी हो म्हणायचो. मोजणं मनात मराठीत चालायचं, तर हातही तसाच चालायचा. खडूने लिहिताना तो नंबर माझ्यापुरता होता, आणखी कुणी वाचेल हे डोक्यातच आलं नाही. शरीफने तर मी आजारी, अर्बाब घाई करतोय, म्हणून माझं काम उरकून दिलं. त्याला सांग, त्याने हात धुवायचं कारण नाही.

शुभदा रडली, मग हसली, मग शेजारी जाऊन सांगून आली. प्रसादला सगळं सांगितलं. तो रिक्षा पुसत बसला.

आता जे लिहितो ते शुभदेलाही माहीत नाही. तू शरीफला वाचून दाखवू नकोस.

चार महिने बाहेर पडलो नाही असं तुला लिहिलं, पण एकदा पडलो होतो. अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये, परत आल्यावर पंधरा दिवसांनी, मी खाडी ओलांडून दाभोळला गेलो होतो. शरीफचे वडील बंदरावर जाळी विणत बसलेले. आजूबाजूला आठ-दहा माणसं. मी ओळख सांगितली तर त्यांनी माझ्यासाठी सरबत मागवलं, मुलाचा दोस्त म्हणून. ते सरबत पिऊन झाल्यावर मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की तुमच्या मुलाने अर्बाबचं इंजिन विकलं आणि आळ माझ्यावर घातला, तुम्ही खाताय तो घास चोरीचा आहे. म्हातारा हातातली सुई तशीच धरून बसला.

पुढे मला कळलं की त्यांनी मुलाला कळवलं, या घरात पाय ठेवू नकोस. कारण लिहिलं नाही, आणि बंदरावर ऐकलेल्यांनाही त्याला न सांगण्याची शपथ घातली. मुलाने पाठवलेलं काही घेतलं नाही. पाच वर्षांनी ते वारले, तेव्हा शरीफ मस्कतलाच होता, आला नाही, कारण बोलावणंच नव्हतं. त्या दिवशी बंदरावर नसलेला त्याचा चुलतभाऊ मला एकदा खेडच्या स्टँडवर भेटला. म्हणाला, शरीफ अजून सगळ्यांना विचारतो की अब्बा माझ्यावर कशाने रुसले. ते ऐकून मी घरी आलो आणि त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. पोटभर जेवलो होतो. झालं तसं लिहायला हवं.

माझ्यावर आला तो आळ चुकून आला. मी घातला तो समोर उभं राहून घातला. त्या म्हाताऱ्याला आता मी काय सांगणार? कबरीपाशी जाऊन आलो काल. गाव तेच, बंदर तेच, मला कुणी ओळखलं नाही.

मी येतो. तिकीट हमूदचं नको, प्रसाद काढतोय, पुढच्या गुरुवारचं. शरीफला दिवस सांगू नकोस. तो हट्ट करेल, काहीतरी थाप मार, तुला ते जमतं. विमानतळावर तू एकटी ये आणि मला सरळ त्याच्या दारात नेऊन सोड. त्याने मला मिठी मारायच्या आत मला हे बोलायचं आहे. एकदा मिठी मारली की माझ्याने बोलवणार नाही, आणि त्याला पुन्हा कधी कळणार नाही.

लोभाचं मोठ्यांनी लहानांना मागायचं नसतं. तरी हे वाचून जेवढा उरेल तेवढा ठेव.

शिरीषकाका